खरवल नदीत हरवलेला चेंडू

"राफ्टमध्ये सगळ्यात पुढे मी बसणार!" रुद्र ओरडला.

"तू? तुझ्यासकट तुझं वल्हं धरायला आणखी दोन माणसं लागतील!" हर्षाली म्हणाली. "पुढे वजन लागतं बाळा, वजन! म्हणजे मी!"

"दोघंही नकाशावरून उठा आधी!" पल्लवी वैतागून म्हणाली. "आख्खी नदी तुमच्या गुडघ्याखाली गेलीय!"

गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरात, हॉलच्या फरशीवर, चार कागद जोडून केलेला मोठा नकाशा पसरला होता. तो पल्लवीने स्वतः काढला होता. वर धरण, खाली पूल आणि मध्ये वेडीवाकडी वळणं घेत जाणारी खरवल नदी. पेठ तालुक्यातली ही नदी तशी लहान, पण डोंगरातून उतरताना भलतीच खवळते. उन्हाळ्यात शेतीसाठी सकाळी धरणातून पाणी सोडलं की दुपारी ते बंद होईपर्यंत तिला चांगलाच जोर असतो. त्याच पाण्यावर 'लाटवाट' नावाच्या संस्थेने यंदा पहिल्यांदाच मे महिन्यात राफ्टिंग सुरू करायचं ठरवलं होतं.

ही बातमी पल्लवीनेच शोधून काढली होती. शेखरकाकाच्या मागे लागून तिने त्याला तयार केलं. मग दोघांनी मिळून सोसायटीतल्या आणखी तीन कुटुंबांना तयार केलं. पल्लवी आठवीतून नववीत गेली होती, रुद्र तिचा धाकटा भाऊ आणि हर्षाली त्यांची मालेगावची आतेबहीण. खास राफ्टिंगसाठी ती सुट्टी लागताच एकटी बसने नाशिकला आली होती, आणि ही गोष्ट तिने आतापर्यंत प्रत्येकाला ऐकवली होती.

"उद्या आपण पुढे जायचं," शेखरकाका चहाचा कप घेऊन आत येत म्हणाला. "जागा बघायची, जेवणाखाण्याचं ठरवायचं. बाकीची मंडळी परवा सकाळी येतील. काय पल्लवीबाई, योजना पक्की?"

"एकदम पक्की!" पल्लवी म्हणाली. महिनाभर ती हाच दिवस डोळ्यांसमोर आणून झोपत होती.

*

सावळघाट उतरून जीप आत वळली, आणि डांबरी रस्ता संपता संपता करंजपाडा आला. पाड्याच्या खाली, नदीच्या काठावर, 'लाटवाट'चे दोन निळे तंबू आणि एक लालभडक राफ्ट दिसत होती. संस्थेचा मालक मनोज धावतच पुढे आला. उंच, उन्हाने रापलेला, सतत हसणारा मनोज मुलांना पाहताक्षणी आवडला.

"या या! ही आमची खरवल! हा पहिला उतार, त्याचं नाव घसरगुंडी. पुढचा मिक्सर. त्याच्यात पडलात की चटणी!"

"दादा, तुम्ही किती वेळा गेलात इथून?" पल्लवीने विचारलं.

"अगं, गेल्या पावसाळ्यात कितीदा तरी! डोळे मिटून जाईन."

जेवणाची सोय पाड्यावरच्या भागीबाईंकडे होती. त्यांची मुलगी आशा पल्लवीच्याच वयाची. आधी ती दाराआडून बघत होती. पण रुद्रने तिच्या अंगणात आपला लाल चेंडू काढला आणि हर्षालीने "बॅटिंग कोण करणार?" असं विचारलं, तशी ती फळकूट घेऊनच बाहेर आली. तिसऱ्याच चेंडूवर तिने असा तडाखा दिला, की चेंडू झुडपांवरून उडाला आणि सरळ नदीत!

"माझा चेंडू!" रुद्र रडवेला झाला.

"घाबरू नको चॅम्पियन!" मनोज हसला. "दोन्ही बाजूंना उंच कडे आहेत. नदीला दुसरी वाट नाही. इथे पडलं ते खाली पुलाजवळच्या डोहात येतंच. आम्ही आता तिकडेच चाललोय, चला. तुझ्या आधी तुझा चेंडूच राफ्टिंग करून येईल!"

जीप डोंगराला वळसा घालून पुलापाशी गेली. राफ्टिंग तिथे संपणार होतं. डोह रुंद आणि शांत होता. काका आणि मनोज गाड्या कुठे लावायच्या ते बघत होते, आणि चौघं मुलं काठावरच्या खडकांवर बसून वाट बघू लागली. पाण्यावरून सुकी पानं आली. एक काटकी आली. शेंगदाण्याचे लाडू खाऊन संपले, तरी चेंडू काही आला नाही.

"कुठेतरी अडकला असेल," मनोज सहज म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

परत येताना आशा हळूच म्हणाली, "माझी कळशी पण अशीच गेली. आठ दिवस झाले असतील. धुताना हातातून सुटली. मी पायवाटेने पळत खाली गेले. ती पण नाय आली."

"मग शोधली नाहीस?"

"मधे कडा हाय. तिथं कोण उतरत नाय आता."

पल्लवीने आशाकडे बघितलं, मग नदीकडे. चेंडू अडकू शकतो. पण कळशीसुद्धा?

*

"हे बघ, एवढ्यासाठी डोकं कशाला खायचं?" हर्षाली म्हणाली. "चेंडू मी मालेगावहून दुसरा पाठवते!"

"चेंडूचं नाही गं," पल्लवी म्हणाली. "मनोजदादा म्हणाला ना, पाण्याला दुसरी वाटच नाही. मग ज्या वाटेने चेंडू जातो, त्याच वाटेने उद्या आपण जाणार!"

हर्षाली तिच्याजवळ सरकून बसली.

मग पल्लवीने तिथल्या तिथे बेत आखला. तंबूमागे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता. बाटल्यांची बुचं घट्ट लावून प्रत्येकीला एकेक लाल चिंधी बांधायची. हर्षालीने तंबूपाशी थांबून त्या पाण्यात सोडायच्या. पल्लवी आणि रुद्र कड्यावरून जाणाऱ्या पायवाटेने मिक्सरच्या वर उभे राहणार. आशा आणखी पुढे, नदीच्या मोठ्या वळणापलीकडे. सगळ्यांच्या गळ्यात लाइफ जॅकेटच्या शिट्ट्या.

"पाण्याजवळ कोणी जायचं नाय!" भागीबाईंनी बजावलं. "वरूनच बघायचं. आशे, ऐकते ना?"

"हो गं आई!"

थोड्या वेळाने हर्षालीची शिट्टी घुमली. बाटली निघाली! रुद्र पोटावर झोपून खाली बघत होता. "आली! आली! ताई, मिक्सरमध्ये गेली... गोल फिरतेय... सुटली!" त्याने जोरात शिट्टी वाजवली. आता आशाची शिट्टी यायला हवी होती.

आली नाही.

दुसरी बाटली सोडली. मिक्सरमधून टुणकन उडी मारून तीही पुढे गेली. आशाकडून शिट्टी नाही. तिसरी, चौथी, पाचवी... एकामागून एक सगळ्या त्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेल्या आणि पुढे नाहीशा झाल्या. नदी मात्र वळणाच्या अलीकडे होती तशीच पलीकडेही वाहत होती.

"भूत असेल का गं?" रुद्रने हळू आवाजात विचारलं.

"भूत असतं तर त्याने शिट्टी वाजवली असती," मागून धापा टाकत आलेली हर्षाली म्हणाली. पण तीसुद्धा हसली नाही.

आशा वळणापलीकडून परत आली, आणि चौघं कड्याच्या कडेने, करवंदीच्या जाळ्या चुकवत, वळणाच्या बरोबर वर पोचली. इथे पायवाट नव्हती. एका आडव्या झाडाला धरून त्यांनी खाली डोकावून पाहिलं.

खाली नदीवर एक फरशी होती. पाण्यावरून पलीकडे जायला बांधतात तसा, खालून सिमेंटचे नळे घातलेला बुटका पूल. त्याचा एक भाग वाहून जाऊन तिथे दगडगोट्यांचा ढीग साचला होता, उरलेला अजून पात्रात तिरका उभा होता. सगळं पाणी त्याच्यावर जाऊन आदळत होतं. पण वरून वाहत नव्हतं. ते नळ्यांत शिरत होतं. गुरगुरत, खाली ओढत, एखाद्या प्रचंड घशाने गिळावं तसं. नळ्यांच्या तोंडाशी फांद्यांचा गच्च ढिगारा साचला होता. पाणी त्याच्यातून जात होतं. बाकी काहीच जात नव्हतं.

ढिगाऱ्याजवळ एक लाल चिंधी क्षणभर वर आली, थरथरली आणि खाली ओढली गेली.

"ही जुनी फरशी," आशा म्हणाली. "मोठा पूल झाल्यापासून इकडं कोण येत नाय. मला वाटलं, पुरात सगळीच गेली."

"पण मनोजदादा तर पावसाळ्यात इथूनच गेला होता," रुद्र म्हणाला. "त्याला दिसली नाही?"

पल्लवीने तळहात आडवा धरला आणि दुसरा हात त्याच्या बराच वर नेला. "पावसाळ्यात पाणी एवढं वर असणार. राफ्ट वरून निघून गेली असेल. खाली फरशी आहे हे कळलंसुद्धा नसेल. आता पाणी कमी आहे, म्हणून फरशी मध्ये येतेय. वळणामुळे लांबून दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हा थांबता येणार नाही."

खालून तो गिळण्याचा आवाज येत राहिला.

"सांगितलं तर उद्याचं सगळं रद्द होणार," हर्षाली अखेर म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "मी एवढी एकटी बसने आले..."

पल्लवीच्या मनातही तेच चाललं होतं. महिनाभर केलेला नकाशा. 'नववीतली मुलगी काय ठरवणार' म्हणणाऱ्या सोसायटीतल्या देशपांडेकाकांना तिने कसं पटवलं होतं! आणि समजा, तिचाच अंदाज चुकला तर? राफ्ट मोठी असते. कदाचित खरंच काही होणार नाही. गप्प बसलं तर कोणाला कळणारही नाही. तिने रुद्रकडे पाहिलं. तो अजून पोटावर झोपून, दोन्ही हातांनी झाड घट्ट धरून, चिंधी पुन्हा वर येते का ते बघत होता. उद्या हाच सगळ्यात पुढे बसायला भांडणार होता.

"चला," ती उठत म्हणाली. "रद्द झालं तर होऊ दे."

*

"जुनी फरशी? अरे, ती केव्हाच वाहून गेली!" मनोज दोऱ्या गुंडाळत हसला. "बाटल्या काय, झुडपात अडकतात. राफ्ट अडकत नाही. आणि पडलंच कोणी, तरी हे जॅकेट आहे ना! हत्तीला घातलं तरी तरंगेल!"

"पण दादा, आम्ही बघितलंय! तुम्ही एकदा येऊन तर बघा!"

"पल्लवी," शेखरकाका जरा कडक आवाजात म्हणाला, "सगळे उत्साहाने तयारीला लागलेत. आयत्या वेळी असं काहीतरी उठवून लोकांना घाबरवायचं नाही. मनोजला या नदीची माहिती आहे. संध्याकाळी वेळ मिळाला तर बघू."

"संध्याकाळी पाणी ओसरलेलं असेल काका! मग काय दिसणार?"

पण काका फोनवर बोलायलाही लागला होता. मुलं तंबूमागे जाऊन बसली. रुद्रचे डोळे भरून आले होते.

"ऐकत नाहीत ना?" हर्षालीने अचानक गुडघ्यावर थाप मारली. "मग भांडायचंच नाही! मालेगावात आम्ही काय करतो माहितीये? पैज लावतो!"

तिने कल्पना सांगितली आणि चौघांची डोकी एकत्र आली.

थोड्याच वेळात तंबूसमोर एक पाहुणा उभा राहिला. जुन्या पँटमध्ये गवत भरलेलं, पोटात रिकाम्या बाटल्या, डोक्याच्या जागी भागीबाईंनी दिलेला वाळका भोपळा आणि त्याच्यावर हेल्मेट. अंगात मात्र शेखरकाकाचा निळ्या चौकडीचा शर्ट!

"अरे, माझा शर्ट!" काका ओरडला.

"हे आमचे बंडोपंत!" हर्षाली अदबीने म्हणाली. "मनोजदादा, तुमचं जॅकेट यांना घाला. हवं तेवढं घट्ट बांधा. हे इथून निघून डोहापर्यंत पोचले, तर आम्ही चौघं उद्या सगळ्यांची भांडी घासू आणि फरशीचं नावसुद्धा काढणार नाही!"

"आणि नाही पोचले तर?"

"तर तुम्ही आमच्याबरोबर कड्यावर यायचं. लगेच!"

मनोज खो खो हसला. "मंजूर! भांडी घासायची तयारी ठेवा!" त्याने स्वतःच्या हाताने जॅकेटचे पट्टे आवळले आणि बंडोपंतांना पाण्यात सोडलं. शर्टाच्या बाह्या हलवत बंडोपंत घसरगुंडीवरून सुटले. जीप पुलाकडे निघाली.

डोहावर सगळे वाट बघू लागले. सुरुवातीला काका विनोद करत होता. मनोजने शीळ घातली. पानं आली, फेस आला. मग शीळ थांबली. मनोज उठून पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभा राहिला. त्याची नजर वरच्या वळणावर खिळली होती.

"एव्हाना यायला हवा होता," तो स्वतःशीच पुटपुटला. मग वळून आशाला म्हणाला, "कुठून जायचं कड्यावर?"

कड्यावरून मनोज दोरीला धरून फरशीच्या काठापर्यंत उतरला. मुलं आणि काका वरच थांबले. नळ्याच्या तोंडाशी पाण्याखाली काहीतरी नारिंगी दिसत होतं. हत्तीलाही तरंगवणारं ते जॅकेट ढिगाऱ्यात घट्ट दाबलं गेलं होतं. एक निळी बाही पाण्यावर आली होती आणि प्रवाहाबरोबर हलत होती. हात हलवून कोणी बोलवावं तशी.

मनोजने काठावरून आकडा टाकून जॅकेटचा पट्टा पकडला, दोरी वर फेकली. काकाने आणि त्याने मिळून जीव खाऊन ओढलं. जॅकेट तसूभरही हललं नाही. पाण्याने ते असं धरून ठेवलं होतं, की शेवटी पट्टाच तुटला.

काका त्या बाहीकडे बघत राहिला. त्याचाच शर्ट होता तो.

मनोज वर आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पार गेलं होतं. "पहिल्या फेरीत पुढे मीच असणार होतो," तो म्हणाला. "आणि माझ्यामागे तुम्ही सगळे." मग तो मुलांसमोर उकिडवा बसला. "मघाशी तुम्ही सांगत होतात, आणि मी हसत होतो. नदी मला पाठ आहे असं वाटत होतं. पण मला पावसाळ्यातली नदी पाठ होती. ही वेगळी आहे. चुकलं माझं."

*

दुपारी धरणाचं पाणी बंद झालं आणि नदी उतरली. नळ्याच्या तोंडातून मनोजने बंडोपंतांना बाहेर काढलं. त्यांच्याखाली बाटल्या होत्या, फुटलेला लाल चेंडू होता आणि आशाची कळशी. पितळी ताटासारखी चपटी झालेली. भागीबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि आशाला जवळ ओढलं.

आता सहल रद्द, असं पल्लवीने मनाशी धरूनच ठेवलं होतं. ती एका खडकावर जाऊन बसली. काका येऊन शेजारी बसला.

"मी सगळ्यांना फोन केले," तो म्हणाला. "काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. एका घरचे येत नाहीत म्हणाले. बाकीच्यांनी विचारलं, की आता पुढे काय? मी म्हटलं, ज्यांनी नदी नीट बघितलीय त्यांना विचारून सांगतो." त्याने तिच्या नकाशाची गुंडाळी पुढे केली. "काय करायचं?"

पल्लवीने त्याच्याकडे बघितलं. तो चेष्टा करत नव्हता.

"काका, एक सांगू? वर कड्यावर असताना... मला एकदा वाटलं होतं, की सांगूच नये."

"वाटणारच. पण सांगितलंस ना!"

मग नकाशा उलगडला गेला. मनोज, काका आणि चौघं मुलं त्याच्याभोवती बसली. मिक्सर संपल्यावर, वळणाच्या बरंच अलीकडे, डाव्या हाताला वाळूचा पट्टा होता. तिथे उतरायचं. राफ्ट खांद्यावर घेऊन कड्याच्या मागून फिरून जायचं आणि फरशीच्या खाली पुन्हा पाण्यात शिरायचं. वाळूच्या आधी दोन्ही काठांना लाल झेंडे, आणि काठावर दोरी घेऊन मनोजची माणसं. आजच, पाणी उतरलंय तोवर, फरशीपासून पुलापर्यंत दोन्ही काठांनी चालून सगळं बघून यायचं. उद्या आधी मनोजने एकट्याने रिकामी राफ्ट नेऊन दाखवायची. जुनी फरशी पुरती काढून टाकावी म्हणून अर्ज करायचं काम काकाने अंगावर घेतलं.

"आणि हे सगळं जमलं, तरच!" पल्लवी म्हणाली.

"हो मॅडम!" मनोज म्हणाला, आणि या वेळी तो खरंच तिचं ऐकत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. मनोजने रिकामी राफ्ट उतरवली, लाल झेंड्यांपाशी बरोबर वाळूला लावली आणि दोन्ही हात वर केले. काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला!

मग सगळे निघाले. घसरगुंडीवर रुद्रच्या तोंडात इतकं पाणी गेलं, की त्याची किंकाळी मधेच बंद पडली. मिक्सरमध्ये राफ्ट दोनदा गरगरली आणि "पुढे वजन लागतं" म्हणणारी हर्षाली तळाशी आडवी झाली! वाळूवर सगळे उतरले. लाल राफ्ट खांद्यावर घेऊन रांग कड्यामागून चालू लागली. वळणावर मनोजने सगळ्यांना थांबवलं आणि वरून फरशी दाखवली. पाणी तसंच गुरगुरत आत जात होतं.

"हे या चौघांनी शोधलं," मनोज म्हणाला. "मी नाही."

सोसायटीतल्या देशपांडेकाकांनी पल्लवीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता.

फरशीच्या खाली राफ्ट पुन्हा पाण्यात ठेवली, तेव्हा भागीबाई काठावर उभ्या होत्या. न आलेल्या घरच्या जागा रिकाम्या होत्या. आशाला त्यातली एक केव्हाच मिळाली होती आणि ती जॅकेट घालून बसलीसुद्धा होती. जन्मापासून तिने ही नदी काठावरूनच पाहिली होती.

"आई, जाऊ ना?" तिने पुन्हा विचारलं.

भागीबाईंनी पुढे वाहत गेलेल्या पाण्याकडे पाहिलं, मग मुलांकडे. "इथून खालची नदी पण बघलीत का रं तुम्ही?"

"पुलापर्यंत! दोन्ही काठांनी चालत!" रुद्र छाती काढून म्हणाला.

"मग मला पन द्या एक ते जाकीट." भागीबाईंनी लुगडं वर खोचलं आणि आशाच्या शेजारी ठाण मांडून बसल्या. "पोरांनी बघलंय ना सगळं! आता काय भ्यायचं?"

हर्षालीने स्वतःचं वल्हं त्यांच्या हातात दिलं, आणि मनोजने राफ्ट पाण्यात ढकलली.